तू इथला की बाहेरचा? अमेरिकेतल्या विद्यार्थ्याचं बँक खातं आणि कराचे फॉर्म

ऑगस्टमध्ये अमेरिकेत उतरलेल्या मुलाचा पहिला आठवडा ठरलेला असतो. सिमकार्ड, सेकंडहँड गादी, देशी दुकानातून तांदळाची पिशवी आणि बँकेचं खातं. बँकेतला माणूस गोड बोलतो, टॅब्लेट पुढे सरकवतो आणि म्हणतो, इथे सही करा. २०१९च्या ऑगस्टमध्ये मीही केली. झोप पुरी झालेली नव्हती, मागे दोन मित्र ताटकळत उभे होते आणि बारीक अक्षरं वाचायची सवय तशीही नव्हती. त्या सहीने मी शपथेवर काय सांगून बसलो होतो, ते दोन वर्षांनी कळलं: मी म्हणे अमेरिकेचा रहिवासी करदाता आहे. त्या फॉर्मचं नाव डब्ल्यू-९. माझ्यासारख्यासाठी होता तो दुसराच, डब्ल्यू-८बेन.

आकाश कोसळलं नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. अमेरिकेत विद्यार्थ्यापुढे येणारा प्रत्येक फॉर्म, मग तो बँकेचा असो, पगाराचा असो की कराचा, आत एकच प्रश्न विचारत असतो: तू इथला की बाहेरचा? कपडे तेवढे दर वेळी वेगळे. या प्रश्नाचं आपलं उत्तर ठाऊक असेल आणि ते सगळीकडे सारखं दिलं, तर निम्म्याहून जास्त डोकेदुखी संपते. एका फॉर्मवर ‘इथला’ आणि दुसऱ्यावर ‘बाहेरचा’ असं झालं की घोळ सुरू.

आता उत्तर. एफ-१ व्हिसावर आलेला विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करापुरता बाहेरचा, म्हणजे ‘नॉनरेसिडेंट एलियन’ असतो. व्हिसाचा दर्जा आणि कराचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही डॅलसला घर भाड्याने घेतलंय, गाडी घेतलीय, लायसन्स काढलंय, तरी कर खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या लेखी तुम्ही पाहुणे.

पाच वर्षं मोजताना हमखास चूक होते. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, आणि त्यातला एक दिवस जरी तिथे काढला तरी ते अख्खं वर्ष खर्ची पडतं. मी ऑगस्ट २०१९मध्ये गेलो, म्हणजे माझी पाच वर्षं २०१९, २०, २१, २२ आणि २३. ऑगस्ट २०२४पर्यंत नाही. या पाच वर्षांत ‘सब्स्टॅन्शियल प्रेझेन्स’ नावाच्या चाचणीत तुमचे दिवस मोजलेच जात नाहीत. त्या चाचणीचं गणित असं: चालू वर्षाचे सगळे दिवस, आदल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याच्या आदल्या वर्षाचे एक षष्ठांश, बेरीज १८३ किंवा जास्त, आणि चालू वर्षातले निदान ३१, तर तुम्ही कराच्या दृष्टीने रहिवासी. विद्यार्थ्याला या मोजणीतून सूट असते, म्हणून कायदा त्याला ‘एक्झेम्प्ट इंडिव्हिज्युअल’ म्हणतो. या नावाने जितकी मुलं फसली तितकी कशाने फसली नसतील. ‘एक्झेम्प्ट’ म्हणजे करातून सूट असं नव्हे. सूट फक्त दिवस मोजण्यातून.

आता परत बँकेत जाऊ. खातं उघडायला सोशल सिक्युरिटी नंबर लागतोच असं मुलांना वाटतं, आणि काही वेळा काउंटरवरचा माणूसही तसंच सांगतो. कायद्याने बँकेला चार गोष्टी हव्या असतात: नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळखीचा एक क्रमांक. अमेरिकी नसलेल्या माणसाच्या बाबतीत हा क्रमांक पासपोर्टचा चालतो. बरोबर आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा कागद), आय-९४ (देशात शिरल्याची नोंद) आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा विद्यापीठाचं पत्र नेलं की काम होतं. ऑनलाइन अर्ज मात्र बहुतेक वेळा अडतो, कारण तो अर्ज तुम्ही इथलेच आहात असं गृहीत धरूनच बांधलेला असतो. शाखेत जावं. खातं विद्यार्थ्यांसाठीचं, महिन्याची फी नसलेलं चेकिंग खातं मागावं आणि ठेव एफडीआयसी या सरकारी संस्थेच्या विम्याखाली आहे ना, हे बघावं. तो विमा एका बँकेत एका माणसाला २,५०,००० डॉलरपर्यंत असतो. आपल्याला तेवढ्याची चिंता नसते, पण फोनवरच्या प्रत्येक चकचकीत अ‍ॅपला बँक समजायचं नाही, एवढ्यासाठी सांगितलं.

डब्ल्यू-८बेन समजायला आजोबा आठवा. ते दर एप्रिलला बँकेत जाऊन १५एच भरून द्यायचे, म्हणजे ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापू नका असं बँकेला लिहून द्यायचे. हाही त्याच जातीचा कागद. ‘मी अमेरिकी करदाता नाही’ एवढंच बँकेला कळवायचं. नॉनरेसिडेंटला बँकेच्या ठेवीवर मिळणाऱ्या व्याजावर अमेरिका करच लावत नाही. पण कोणताच फॉर्म दिला नाही, तर बँक २४ टक्के कापून ठेवू शकते. भरताना घोटाळा होतो तो पत्त्यात. कायमचा पत्ता विचारलाय तिथे अपार्टमेंटचा पत्ता नाही टाकायचा, भारतातल्या घराचा टाकायचा. सांगली, नांदेड, जिथलं असेल तिथलं. अपार्टमेंट जातं खालच्या टपालाच्या ओळीत. परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात आपला पॅन. सही केल्यापासून पुढच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तो चालतो, मग नवा द्यायचा. आणि माझ्यासारखा डब्ल्यू-९ आधीच दिला गेला असेल तर शाखेत जाऊन डब्ल्यू-८बेन द्यावा आणि आधीचा रद्द करायला सांगावं. फार तर बँकेतल्या माणसाने हा फॉर्म कधी पाहिलेलाच नसेल आणि तो आत मॅनेजरला विचारायला जाईल. थांबावं.

नोकरी लागली की

कॅम्पसवर काम मिळालं, ग्रंथालयात किंवा खानावळीत, की मग सोशल सिक्युरिटी नंबर. तो नोकरीशिवाय मिळत नाही. कामाचं पत्र आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं पत्र घेऊन सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जायचं. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. (बाहेर गॅस स्टेशनवर किंवा कुणाच्या हॉटेलात रोखीने काम करणारेही असतात. तिथे कसलाच फॉर्म नसतो हे खरं. सापडलं तर व्हिसाही नसतो.)

पगार सुरू होताना डब्ल्यू-४ येतो. पगारातून केंद्राचा आयकर किती कापायचा, म्हणजे तिकडचा टीडीएस किती, हे मालकाला यावरून कळतं. नॉनरेसिडेंटने तो स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने भरायचा असतो: लग्न झालेलं असो वा नसो, खूण ‘सिंगल’वर, ‘एक्झेम्प्ट’ कुठेही लिहायचं नाही, आणि चौथ्या पायरीच्या खालच्या जागेत ‘एनआरए’ (नॉनरेसिडेंट एलियन) ही अक्षरं. बऱ्याच विद्यापीठांत ग्लेशियर किंवा स्प्रिंटॅक्ससारखी प्रणाली हे भरून घेते. छोट्या कंपन्यांत ज्याचं त्यालाच बघावं लागतं.

इथे भारतातून आलेल्या मुलांसाठी एक खास गोष्ट आहे. चीन, कोरिया, नेपाळहून आलेल्या वर्गमित्राचा सल्ला जसाच्या तसा घ्यायचा नाही, तो याच्यासाठी.

अमेरिकेत रहिवासी करदात्याला उत्पन्नातून एक ठरावीक रक्कम सरळ वजा करता येते. तिला म्हणतात स्टँडर्ड डिडक्शन. २०२५ या वर्षासाठी एकट्या माणसाला ती १५,७५० डॉलर होती. नॉनरेसिडेंटला ती मिळत नाही, असा नियम. अपवाद भारतीय विद्यार्थ्याचा. १९८९मध्ये भारत आणि अमेरिकेत जो करविषयक करार झाला, त्याच्या २१व्या कलमात म्हटलंय की शिकायला आलेल्या भारतीयाला करातल्या त्याच सवलती द्याव्या, ज्या तिथल्या रहिवाशाला मिळतात. त्यातून हे डिडक्शन आलं. चिनी विद्यार्थ्याला त्यांच्या करारात पगारातले ५,००० डॉलर माफ आहेत आणि त्यासाठी तो ८२३३ नावाचा फॉर्म मालकाला देतो. आपल्याला पगारासाठी तो फॉर्म द्यायचा नसतो. आपली सवलत वर्षअखेरीस विवरणपत्रात घ्यायची. पगार कापणाऱ्यालाही याची दखल घ्यावी लागते: इतर नॉनरेसिडेंटचा कर कापताना पगारात एक काल्पनिक रक्कम मिळवून हिशेब करतात, म्हणजे कपात जास्त होते. भारतीय विद्यार्थ्याला ती रक्कम मिळवायची नाही, असं आयआरएसच्या १३९२ क्रमांकाच्या सूचनेत स्पष्ट लिहिलंय. पेरोलमधल्या बाईंना हे माहीत नसेल तर सूचनेचा क्रमांक सांगायचा. भांडायचं नाही, क्रमांक सांगायचा. तिथे क्रमांकाला मान आहे.

आकडे घालून बघू. ग्रंथालयात ताशी १५ डॉलरने आठवड्याला २० तास, म्हणजे ३०० डॉलर. बावन्न आठवडे राबलं तरी १५,६००. स्टँडर्ड डिडक्शन १५,७५०. केंद्राचा कर शून्य. वर्षभरात जे काही कापलं गेलं असेल ते सगळं परत.

आता पदवी झाली आणि ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर त्याच व्हिसावर काही काळ काम करायची जी परवानगी मिळते तिच्यावर, नोकरी लागली. समजा २०२५च्या जुलैपासून महिना ६,०००, सहा महिन्यांचे ३६,०००. शिक्षणाचाच पुढचा भाग म्हणून ओपीटीच्या काळातही मुलं हे डिडक्शन घेतात. ते घेतलं तर करपात्र उरतात २०,२५० आणि कर होतो सुमारे २,१९२ डॉलर. घेतलंच नाही तर ४,०८२. फरक १,८९० डॉलरचा. दोघांत मिळून घेतलेल्या अपार्टमेंटचं दोनेक महिन्यांचं आपल्या वाट्याचं भाडं.

हा झाला केंद्राचा कर. राज्याचा वेगळा. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन इथे पगारावर राज्याचा आयकर नाहीच. कॅलिफोर्नियात आहे, आणि कॅलिफोर्निया केंद्राने केलेले असे करार मानत नाही.

पगारपत्रकातल्या दोन ओळी

पगाराची स्लिप उघडली की आपण फक्त तळाचा आकडा बघतो. वरच्या दोन ओळी बघा: सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के. दोन्ही मिळून ७.६५. याला फायका म्हणतात. एफ-१वरच्या नॉनरेसिडेंटला हा कर लागू नाही, ओपीटीवर असतानासुद्धा. वरच्या उदाहरणात सहा महिन्यांचे २,७५४ डॉलर होतात. आपण ते भरण्यात काही अर्थही नाही, कारण तिकडचं पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांची कमाई लागते, आणि भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. परत आलात की ते पैसे गंगार्पण.

विद्यापीठं सहसा ही चूक करत नाहीत. कॅम्पसवर शिकता शिकता काम करणाऱ्याला तशीही वेगळी सूट असते. चूक होते ती ओपीटीच्या कंपनीत, विशेषतः लहान कंपनीत, जिथे पेरोलचं सॉफ्टवेअर सगळ्यांना अमेरिकीच समजतं. माझ्या पहिल्या नोकरीत चार महिने कापले. एचआरमधल्या मुलीला पत्र लिहिलं, तिने ‘कायद्याने कापावाच लागतो’ असं उत्तर दिलं. मग मी त्यांच्या करकायद्याचं कलम लिहून पाठवलं, ३१२१(बी)(१९). आठवडाभर शांतता. पुढच्या पगारात चारही महिन्यांचे पैसे आले, पत्राचं उत्तर काही आलं नाही. आधी मालकाकडेच मागायचं, हा नियमच आहे. मालक हात वर करत असेल तर ८४३ आणि ८३१६ हे दोन फॉर्म भरून आयआरएसकडे मागता येतात. वेळ लागतो, पण मिळतात.

वर्षअखेर, म्हणजे त्यांची

त्यांचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. ३१ जानेवारीपर्यंत मालकाकडून डब्ल्यू-२ येतो, ज्याला आपण फॉर्म १६ म्हणत आलो तसा. शिष्यवृत्ती मिळत असेल तर १०४२-एस नावाचा दुसरा कागद मार्चच्या मध्यापर्यंत येतो. शिष्यवृत्तीतला फी आणि सक्तीच्या पुस्तकांचा भाग करमुक्त. राहण्या-जेवण्यासाठी मिळालेल्या भागावर मात्र विद्यापीठ सहसा १४ टक्के कापतं. अनेक जण डब्ल्यू-२ आला की लगेच विवरणपत्र भरून मोकळे होतात आणि मार्चमध्ये दुसरा कागद हातात पडला की कपाळावर हात मारतात. थांबावं.

विवरणपत्र १०४०-एनआर. त्यातलं ‘एनआर’ महत्त्वाचं. टीव्हीवर जाहिरात असते ती फुकट सॉफ्टवेअरं बहुतेक साधा १०४० भरून देतात आणि तो रहिवाशांचा आहे. मित्राने दाखवलं, परतावा जास्त दिसतोय, म्हणून मुलं तो भरतात. कोविडच्या काळात हेच केलेल्या कित्येकांच्या खात्यात सरकारचे मदतीचे पैसे येऊन पडले, जे त्यांचे नव्हतेच. मग दुरुस्तीचं विवरणपत्र भरा, पैसे परत पाठवा आणि पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी कुणी विचारेल का, या काळजीत राहा. १०४०-एनआरवर डिडक्शनच्या ओळीशेजारी भारत-अमेरिका कराराचा उल्लेख लिहायचा, तरच ते १५,७५० मिळतात. मुदत १५ एप्रिल. परतावा खात्यात थेट घ्यावा. सप्टेंबर २०२५च्या अखेरीपासून आयआरएसने कागदी चेक बंद करत आणले आहेत.

आणि फॉर्म ८८४३. एक दमडी कमावली नाही तरी हा भरायचाच, कारण दिवस मोजू नका असं सांगणारा कागद हाच. एफ-२वर सोबत आलेल्या बायकोचा वेगळा, मुलाचा वेगळा. दीड वर्षाच्या बाळाच्या नावाने आईने सही केलेला ८८४३ मी पोस्टात टाकून आलोय. उत्पन्न नसेल तर तो एकटाच, १५ जूनपर्यंत, टपालाने टेक्सासमधल्या ऑस्टिनला जातो.

दोन धोके चालता चालता सांगतो. फावल्या वेळात शेअर घेणाऱ्यांना वाटतं, नॉनरेसिडेंटला भांडवली नफ्यावर कर नाही. वर्षात १८३ दिवस तिथे असलात तर सरसकट ३० टक्के आहे, आणि या १८३ दिवसांना विद्यार्थ्याची सूट लागू नाही. दुसरा धोका फोनचा. ‘आयआरएसमधून बोलतोय, कर थकलाय, आत्ता भरा नाहीतर अटक’ असा फोन आला तर ठेवून द्या. आयआरएस आधी पत्र पाठवतं आणि गिफ्ट कार्डात तर कर कधीच घेत नाही. हे फोन कुठून यायचे ठाऊक आहे? ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी छापे घातले ते आपल्या मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर.

इकडचं खातं

इतकं सगळं करून मुलं एक प्रश्न विसरतात: भारताच्या लेखी मी कुठला? शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या नियमांपुरता अनिवासी, असं रिझर्व्ह बँकेने २००३मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे गावातल्या बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यायला हवं. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर सेस कापला जातो, म्हणून त्यात मोठी ठेव ठेवू नये. तिकडून पाठवलेले पैसे एनआरईमध्ये, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीच्या अनिवासी खात्यात, ठेवावेत, त्याचं व्याज भारतात करमुक्त. आणि पैसे पाठवताना बँक खात्यातूनच पाठवावेत. २०२६पासून रोख देऊन परदेशी पाठवलेल्या पैशांवर अमेरिकेने एक टक्का कर लावलाय. खात्यातून पाठवलेल्यांवर नाही.

मग पाच वर्षं संपतात. माझी २०२३ला संपली. १ जानेवारी २०२४पासून उत्तर बदललं: आता इथला. त्या महिन्यापासून पगारातून फायका कापायला लागले आणि या वेळी ते बरोबर होतं. बँकेत जाऊन डब्ल्यू-९ दिला, या वेळी खरा. आणि एक नवी जबाबदारी आली. रहिवासी झालं की अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एखाद्या दिवशी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी सगळी खाती एफबार नावाच्या फॉर्ममध्ये कळवायची. कर नसतो, फक्त माहिती. पण माहिती दिली नाही तर दंड जबर असतो. आईवडिलांबरोबरचं जॉइंट खातंही त्यात येतं, पैसे आपले नसले तरी.

मी बाबांना फोन केला. म्हटलं, बाबा, आपल्या जॉइंट खात्यात गेल्या वर्षभरात जास्तीत जास्त किती रक्कम होती? पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “तुला कशाला हवंय ते? काही अडचण आहे का तिकडे?”